वाफेचा वास

"मामा, हे काय वाळत घातलंय? केंद्र बंद होतंय, लॉन्ड्री निघत नाहीये इथे!"

साहेब हसत म्हणाले खरे, पण नाकावरचा रुमाल त्यांनी काढला नाही. शेवटच्या विहिरीच्या अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसत होती आणि तिच्या वाटेवर दोरी बांधून वाफमामांनी जाकिटं टांगली होती. दोन-तीन त्यांची, बाकीची सोबत्यांची. निरोपाची भेट म्हणून काय हवं, असं सगळ्यांनी विचारलं तेव्हा मामांनी प्रत्येकाचं जुनं जाकीट मागून घेतलं होतं. न धुतलेलं.

"वाळत नाही घातलेली, साहेब. मुरत घातलीयत."

"मुरत?"

"वास मुरायला पाहिजे त्यांच्यात. उद्या तुमची माणसं विहिरीत सिमेंट ओतणार. मग मी कुठून आणू?"

जमिनीच्या पोटातून येणाऱ्या वाफेवर इथे वीज तयार व्हायची आणि त्या वाफेला सडक्या अंड्यांचा वास होता. नव्या माणसाला पहिले काही दिवस घास जात नसे. मामांचं तर उभं आयुष्य विहिरींचे व्हॉल्व्ह सांभाळण्यात गेलं आणि त्यात नाक कामातून गेलं. ते आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगून टाकलं होतं. वाफेतला विषारी वायू वाढला की केकाटणारं एक यंत्र छातीवर लावलेलं असायचं, नाकाचं काम तेच करायचं. अत्तर काय आणि गटार काय, मामांना सगळं सारखंच. सुखी माणूस आहे, म्हणून सोबती त्यांना चिडवायचे.

साहेब मुख्य कचेरीतले, बाजारपेठ विभागाचे. तरुण होते आणि मनाने चांगले होते. सकाळीच त्यांनी सगळ्यांना बसवून पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला होता. जमिनीतल्या उष्णतेच्या विजेला जगभर मागणी वाढतेय, ढग असोत की वारा पडो, अखंड मिळणारी वीज हवी म्हणून मोठमोठी गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत, ज्वालामुखींच्या देशांत नव्या विहिरी खणल्या जातायत. इथल्या विहिरी मात्र निवत चालल्या होत्या, आणि इथली वीज घेणाऱ्यांना उन्हावरची वीज स्वस्त पडत होती. म्हणून टर्बाइन खोलून, पेट्यांत भरून समुद्रापलीकडे जाणार होतं.

"धंद्याला चांगले दिवस आले, आणि आपणच घरी," मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं होतं. साहेबांनी ते ऐकलं आणि नकाशा बंद केला.

आता ते मामांशेजारी कट्ट्यावर येऊन टेकले. "हा वास घेऊन करायचंय काय तुम्हाला?"

मामांनी सांगितलं. सांगताना नव्या नवरदेवासारखे लाजले.

मामींना विसर पडायला लागून बराच काळ झाला होता. आधी किल्ल्या गेल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग पोटची लेक. "ही बाई फार मायेनं करते हो माझं," असं त्या लेकीलाच लेकीबद्दल सांगायच्या. पुढे मामांचा चेहराही पुसला गेला. एकदा मामा केंद्रावरच अंघोळ करून, परीटघडीचे कपडे घालून घरी गेले, तर मामी किंचाळल्या, "कोण मेला घरात शिरलाय!" दुसऱ्या दिवशी मामांना अंघोळ करायचंही सुचलं नाही. तसेच कामाच्या कपड्यांत, तोंड एवढंसं करून ते दारात उभे राहिले. आणि आतून, त्यांच्याकडे न बघताच, हाक आली.

"आलात का? अहो, आधी अंघोळीला जा! काय घाण वास मारतोय!"

लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी हेच वाक्य कानांवर पडत आलं होतं. पूर्वी मामांना त्याचा वैताग यायचा. त्या दिवशी मात्र दाराची चौकट धरून ते लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून अंघोळ नंतर. आधी मामींजवळ बसायचं, त्यांचा हात हातात घ्यायचा आणि त्यांनी कितीही हाकललं तरी हलायचं नाही.

साहेबांनी रुमाल हळूच खिशात घातला. "टर्बाइनबरोबर तुम्हीही चला ना, मामा. तिकडच्या पोरांना शिकवायला माणूस हवाच आहे. आणि वास तर काय, तिथे हवा तेवढा."

"तिथला वास इथवर येईल का, साहेब?"

साहेब कट्ट्यावरून उठले. निघताना एवढंच म्हणाले, "तिकडून एखादं जाकीट पाठवीन. शब्द देतो."

घरी मामांनी एकेक जाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवलं. रोज संध्याकाळी ते मागच्या दाराने बाहेर पडायचे, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायचे आणि पुढच्या दाराने आत यायचे, कामावरून आल्यासारखे. निघण्याआधी स्वयंपाकघरात लेकीच्या नाकासमोर जाकिटाची बाही धरायचे.

"येतोय का गं?"

बाबा कामावरून आले की नाक मुरडायची लेकीला लहानपणापासूनची सवय. आता औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली असायची, तरी नाक तस्संच कपाळापर्यंत मुरडलं जायचं. "ईऽ! येतोय, बाबा. जाम येतोय!" मग स्वारी खुशीत बाहेर पडायची.

पण हवा लागली की वास उडायचा. एकेक जाकीट निकामी होत गेलं, माळा रिकामा होत गेला. शेवटच्या जाकिटाच्या वेळी तर "आलात का" म्हणायला मामींनी इतका वेळ लावला, की मामांना बाही त्यांच्या नाकाजवळ न्यावी लागली. त्यानंतर काही दिवस मामा संध्याकाळी मागच्या खोलीत नुसते बसून राहिले. मामींसमोर परका म्हणून जायची त्यांची छाती होईना.

आणि मग पार्सल आलं. साहेबांनी शब्द पाळला होता. वास उडून जाईल या धास्तीने मामांनी ते आणखी दोन पिशव्यांत गुंडाळलं आणि दिवसभर मांडीवर घेऊन बसले. लेक घरी आल्यावर दोघांनी मिळून चिकटपट्टी कापली.

आतून निळं जाकीट निघालं. स्वच्छ धुतलेलं. दोन्ही बाह्यांवर इस्त्रीची कडक घडी.

मामांनी त्या घडीवरून बोट फिरवलं.

"त्यांच्या मशीनचा जुना माणूस मी," मामा म्हणाले. "मला मळकं कसं पाठवायचं, असं वाटलं असेल तिथल्या पोरांना. मीही धुऊनच पाठवलं असतं." मग घाईघाईने, "पण हा वास चिवट असतो हं. सोडा घालघालून तुझ्या आईचे हात दुखायचे, तरी जायचा नाही. बघ, बघ तर खरं."

लेकीने बाहीत तोंड खुपसलं. बराच वेळ मान वर केली नाही.

"येतोय का गं?"

"येतोय, बाबा," ती म्हणाली. "जाम येतोय."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे डबडबले होते. नाक मुरडलेलं नव्हतं.

त्यांनी जाकीट अंगात चढवलं, बाह्यांवरची घडी हाताने चुरगळली, मागच्या दाराने बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि पुढच्या दाराने आत आले.

खिडकीशी बसलेल्या मामींनी वर पाहिलं. केस सारखे केले आणि पाहुण्यासाठी हसतात तशा हसल्या.

"या ना, भाऊ. बसा."

मामा उभेच राहिले.

"आमचे हे कामावर गेलेत. येतीलच एवढ्यात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते यायच्या आधी त्यांचा वास येतो हं. दचकू नका. मी रोज ओरडते त्यांना, पण कधी मनाला लावून घेत नाहीत. फार चांगले आहेत हो."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे मामांना कधी तोंडावर ऐकायला मिळालं नव्हतं.

"काही काम होतं का त्यांच्याकडे?"

"नाही," मामा कसेबसे म्हणाले. "नुसतं भेटायचं होतं."

"मग बसा की. मलाही सोबत होईल."

मामांनी खुर्ची ओढली आणि परक्या माणसाने बसावं तेवढ्या अंतरावर बसले. मामींनी मान जराशी उचलून हवा हुंगली आणि दाराकडे नजर लावली. मामाही दाराकडे बघत बसून राहिले.