प्रायॉरिटीची पट्टी

"ही नारिंगी पट्टी कसली?" बॅगेच्या मुठीला गुंडाळलेला कागद नखाने सोडवत शिक्केबाईंनी विचारलं.

नवरा बूट काढत होता. "प्रायॉरिटी. कार्ड आहे ना माझं. सारखं विमानानं फिरणाऱ्यांची बॅग सगळ्यांच्या आधी येते. जागा रिकामी असली तर पुढच्या रुंद खुर्चीतही बसवतात."

"आज बसवलं?"

"बसवलं की." उत्तर त्याने बुटालाच दिलं.

शिक्केबाईंनी पट्टी सरळ केली. पोस्टात रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर त्यांची बावीस वर्षं गेली होती. कुठून निघालं, कुठे पोचायचं, मध्ये कुठे थांबलं, हे कागदावरच्या शिक्क्यांवरून त्यांना लगेच वाचता येई. 'शिक्केबाई' हे नाव पडलं ते त्यामुळेच. पट्टीवर निघाल्याचं गाव म्हणून तीन अक्षरं होती आणि ती नवरा कामाला गेला होता त्या शहराची नव्हती.

"तुम्ही दक्षिणेला गेला होतात ना? ही बॅग तर भलतीकडूनच आली."

"विमान बदलावं लागतं तिथं," तो म्हणाला. "चहा टाकतेस का?"

बाईंनी चहा टाकला. पट्टी मात्र केराच्या टोपलीत न टाकता पर्समध्ये ठेवली.

नवरा दवाखान्यातली एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करायचा. महिन्यातून दोन-तीनदा कंपनी त्याला विमानाने कुठे ना कुठे पाठवायची. त्या प्रवासांचे पॉइंट कार्डावर साठतात आणि पुरेसे साठले की फुकट तिकीट मिळतं, हे त्यानेच एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हापासून बाई अधूनमधून विचारत, "झाले का हो साठून? मला न्याल ना एकदा?" आणि तो म्हणे, "अजून थोडे कमी पडतायत." चार वर्षं ते कमीच पडत होते.

दुसऱ्या दिवशी प्रवासी कंपनीतला कारकून नेहमीसारखी पाकिटं घेऊन खिडकीवर आला. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दक्षिणेहून इथं यायला विमान बदलावं लागतं का हो?"

"छे! दिवसाला तीन थेट विमानं आहेत. उगाच वळसा कोण घालेल? कुणाचं मधे काही काम असलं तरच."

त्या दिवशी बाईंनी एका पाकिटावर चुकीचा शिक्का मारला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग त्या बघायला लागल्या. प्रवासाच्या आदल्या दिवशी नवरा केस कापून येई. कंपनीचा मळका शर्ट बॅगेत आणि नवा, निळा अंगात. यंत्राच्या पोटात हात घालायला जाणारा माणूस अत्तर कशाला लावेल? परत आला की दोन दिवस तो जरा खुशीत असे, भांडी घासायला मदत करी, आणि मग एकदम गप्प होई. घरात बोलायला दोघंच. मुलगी पाच वर्षांपूर्वी, लग्नाला आठ दिवस राहिलेले असताना, "मला हे लग्न करायचं नाही" म्हणून एक बॅग घेऊन निघून गेली होती. "या घरात तिचं नाव निघता कामा नये," असं नवऱ्याने तेव्हा बजावलं होतं आणि बाईंनी ते पाळलं होतं. साऱ्या गावाचे पत्ते हाताखालून जाणाऱ्या बाईकडे स्वतःच्या मुलीचा पत्ता नव्हता.

दोन महिन्यांनी विमान कंपनीचं पाकीट आलं. नवऱ्याच्या नावाचं, आणि नेमकं बाईंच्या खिडकीवरून पुढे जाणारं. दुसऱ्याचं पाकीट त्यांनी कधी उजेडासमोरसुद्धा धरलं नव्हतं. हे मात्र त्यांनी घरी नेलं, ओट्यापाशी उभं राहून फाडलं आणि वाचलं.

पॉइंट साठत होते आणि खर्चही होत होते. वर्षभरात नऊ फुकट तिकिटं. नऊच्या नऊ त्या मधल्या गावाहून घरापर्यंतची. प्रत्येकापुढे तेच: पुढच्या वर्गात बढती, सामानाला प्राधान्य.

कोण असेल? विधवा असेल, की दवाखान्यातली एखादी नर्स? तिच्याकडे तो चप्पल कुठे काढत असेल?

रात्री जेवताना त्यांनी कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"पुढच्या खेपेला मी येणार तुमच्याबरोबर."

नवऱ्याने कागद पाहिला. घास हातातच राहिला. "फोडलंस तू?"

"फोडलं. त्याच वाटेनं यायचं परत. मधल्या गावाहून."

तो काहीतरी खोटं बोलेल, चिडेल, ताट सारून उठेल, अशी त्यांची अटकळ होती. तो नुसता म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'ने त्या जास्तच घाबरल्या.

विमानात बाई पहिल्यांदाच बसत होत्या, पण ढगांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दक्षिणेत नवऱ्याने दोन दिवस यंत्र दुरुस्त केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्या मधल्या गावाच्या विमानतळावर उतरले. बाई येणाजाणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड न्याहाळत होत्या. हिरव्या ओढणीवाली? ती चष्मेवाली?

"आता बॅगा घेऊन पुन्हा काउंटरवर द्यायच्यात," नवरा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तू बस या बाकावर. मी दोघांचं करून येतो."

"मी येते."

"अगं, रांग मोठी आहे."

"कार्डवाल्यांची वेगळी असते ना? ती बघा, मोकळी आहे." बाई ताडताड चालत तिकडे गेल्या आणि बॅग धाडकन वजनकाट्यावर ठेवली.

"ओळखपत्र द्या," काउंटरमागची मुलगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

बाईंनी आवाज ओळखला. मग कानामागे बट सारायची सवय ओळखली. ओळखपत्र देण्यासाठी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

मुलीने वर पाहिलं. आधी आईकडे, मग तिच्या मागे मान खाली घालून उभ्या असलेल्या बापाकडे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगितलं नाहीत आई येणारे ते."

बाई वळल्या. "किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं," नवरा म्हणाला. "एकदा खरंच थेट विमान चुकलं, वळसा घालून यावं लागलं आणि इथं अडकलो. ही समोर. मला 'सर' म्हणाली. मीही काही बोललो नाही. माझी बॅग लावताना रडत होती. पुढच्या महिन्यात मुद्दाम आलो. दहा मिनिटं मिळतात, रांग नसली तर पंधरा."

"आणि घरी मी तिचं नाव काढायचं नाही!"

"मीच तोंडानं बोलून बसलो होतो. ते गिळायचं कसं, तेच मला कळेना. दर वेळी दारापर्यंत येताना ठरवायचो की आज सांगायचं."

"दुसरी बाई असती तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या काउंटरवरचा माणूस वळून बघायला लागला. "भांडले असते, निस्तरलं असतं. तुम्ही माझं माणूस चोरलंत. एकट्यानं भेटत राहिलात."

मागे एक सूटवाला येऊन उभा राहिला आणि घड्याळ बघायला लागला.

मुलीने डोळे पुसले, ताठ बसली. कामाचे प्रश्न तेवढे तिला त्या क्षणी आठवले असावेत. "सामान तुम्ही स्वतःच भरलंय ना?"

"हो."

"कुणी काही न्यायला सांगितलंय का बरोबर?"

"नाही गं. कुणी सांगितलंच नाही मला काही."

मुलीला पुढचा प्रश्न विचारता येईना. तिने पडद्यात बघत विचारलं, "आई, पुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. देऊ?"

"यांना दे. मला आज जायचं नाही. तुझी ड्यूटी कधी संपते?"

"चारला."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. बाईंनी आपली बॅग काट्यावरून उचलली.

"मीही थांबतो," नवरा म्हणाला.

"नको. तुमच्या दहा-दहा मिनिटांचा मी हिशेब मागत नाही. आजचा दिवस माझा. घरी जा, भात लावून घ्या."

तो बोर्डिंग पास घेऊन निघाला. आत वळेपर्यंत त्याने तीनदा मागे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या काउंटरसमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. पाठ ताठ, बॅग पायाशी. सूटवाला गेला, त्यामागे एक कुटुंब आलं, मग खेळाडूंचा घोळका. मुलगी हसून बोलत होती, बॅगा मोजत होती, पास देत होती. आणि प्रत्येक माणूस बाजूला झाला की मान उंच करून बघत होती, आई बाकावर आहे की उठून गेली.