सोयगावची चपराक

मुकुंदवाडीच्या बन्सीची सकाळ तुमच्याआमच्यासारखीच उजाडत असे, म्हणजे डोळे नीट उघडायच्या आधी मोबाइल उघडून! त्या रविवारी मोबाइलवर एक व्हिडिओ आला आणि तो अंथरुणातच उठून बसला. कुठल्याशा कचेरीत गर्दी झालेली, एका पोरानं खुर्चीतल्या साहेबाला कॉलर धरून उभं केलेलं, आणि फाडकन एक कानाखाली! साहेबाचं तोंड गर्दीआड होतं. पण वरून कुणाचा तरी खणखणीत आवाज जोडला होता, "सायबाला अर्ज कळत नाय, सायबाला चपराक कळती!"

तो आवाज खुद्द बन्सीचा होता.

"अगं रत्नमाला, बघ तरी! माझं भाषण लावलंय पोरांनी!" चहा गाळणाऱ्या बायकोला ओरडून सांगता सांगता त्यानं तो व्हिडिओ एक्केचाळीस ग्रुपांवर पाठवूनसुद्धा दिला.

आता या भाषणाची हकिकत सांगायलाच हवी. बन्सीचं काम होतं सभा धरून ठेवण्याचं. नेता सहाला येणार म्हणून सांगतात आणि नऊला येतो. मधले तीन तास लोकांना खुर्चीवरून उठू न देणं ही काय सोपी गोष्ट आहे? कचरूभाऊंसाठी बन्सी ते पंचवीस वर्षं करत आला होता. कचरूभाऊ म्हणजे पाच वेळा आमदार, चार वेळा पक्ष बदललेले, अंगावर छत्तीस खटले. विरोधक त्यांना खटले म्हणत, बन्सी दागिने म्हणे. पण माणूस असा, की दुष्काळात टँकरच्या टपावर बसून गावोगाव पाणी पोचवलं, आणि खेड्यातल्या पोरींना शहरात राहायला जागा नाही म्हणून आपला बंगला वसतिगृहाला देऊन स्वतः दोन खोल्यांत राहायला गेला!

बन्सीची हुकमी कथा होती सोयगावची. दुष्काळात पाण्याची योजना अडवून बसलेल्या साहेबाला भाऊंनी चपराक लगावली आणि तिसऱ्या दिवशी गावात नळ वाहिले. पहिल्या निवडणुकीत त्या चपराकीनं साहेबाचा चष्मा उडाला. दुसऱ्या निवडणुकीत दोन दात गेले. तिसऱ्या निवडणुकीत साहेबच खिडकीतून बाहेर गेला. आणि गेल्या खेपेला तर आवाज एवढा झाला, की अजिंठ्याच्या डोंगरातली वटवाघळं भरदुपारी घर सोडून खानदेशात उतरली. शेवटी ते चपराकीचं वाक्य आलं, की लोक हसून लोळत आणि टाळ्यांनी मांडव दणाणून सोडत.

रत्नमाला हात पुसत आली. तिनं व्हिडिओ एकदा पाहिला. मग परत पाहिला.

"अहो, हा शर्ट काल सकाळी मी इस्त्री केलाय."

"कुणाचा?"

"आपल्या सम्यकचा."

सम्यक त्यांचा एकुलता एक मुलगा. घराण्यातला पहिला इंजिनिअर, लासूर स्टेशनजवळच्या एका पाणी योजनेवर नोकरीला. काल संध्याकाळी तो डोकं दुखतं म्हणून न जेवताच खोलीत गेला होता. दोघांनी दार ढकललं. पोरगं लॅपटॉपसमोर बसलेलं, डावा गाल सुजलेला. पडद्यावर राजीनामा लिहून तयार होता, पाठवायचाच बाकी.

"कुणी मारलं रे तुला?" बन्सी गरजला. "नाव सांग! हात मोडतो त्याचा!"

"सत्यम. भाऊंच्या युवा आघाडीचा. गावाला पाणी नाही म्हणून गर्दी घेऊन आला होता. आज भाऊंच्या वाढदिवसाच्या सभेत शाल देणार आहेत त्याला." सम्यकनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. "अप्पा, मारताना तो तुमचंच वाक्य म्हणत होता. अन् सकाळपासून तो व्हिडिओ मला सात जणांनी पाठवलाय. एक तर तुमच्याकडूनच आलाय, आपल्या घरच्या ग्रुपवर."

रत्नमालाचा तोल सुटला.

"घ्या आता टाळ्या! तो सोयगावचा साहेब कुणाचा लेक नव्हता व्हय? पंचवीस वर्षं त्याचे दात पाडत आलात, एकदा तरी त्याच्या आईचा विचार आला? बाबासाहेबांनी आपल्याला कायदा दिला, अन् तुम्ही पोरांना चपराक वाटत फिरताय!"

बन्सीनं चपला घातल्या आणि तडक भाऊंच्या दोन खोल्या गाठल्या. पंच्याहत्तर वर्षांचे कचरूभाऊ वाढदिवसाच्या हारांमध्ये बसून भाकरी खात होते. बन्सीनं मोबाइल समोर धरला.

"भाऊ, हा माझा सम्यक हाय."

भाऊंनी व्हिडिओ पाहिला आणि ताट बाजूला सारलं.

"बन्सी, सोयगावच्या त्या सायबाचं नाव ठाऊक हाय तुला?"

"नाय भाऊ."

"अभय. सव्वीस वर्षांचं पोर. फाइल त्याच्याकडं नव्हतीच, वरच्या टेबलावर अडकली होती. मी चुकीच्या माणसाला हाणलं. अन् दुसऱ्या दिवशी तोच सुजल्या तोंडानं माझ्याकडं आला. म्हणला, मारलंत ते मारलंत, पण गावाला पाणी पायजेल असंल तर कुठं जायचं ते दाखवतो. दोघं मिळून गेलो, अन् योजना सुटली. पाणी त्या पोरानं आणलं, बन्सी. मी नुसता हात उचलला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मतं चपराकीला पडत होती ना!" भाऊ कडवट हसले. "तू वाढवत गेलास, मी ऐकत गेलो. मलाबी ग्वाड लागलं."

संध्याकाळी मुकुंदवाडीच्या मैदानावर मांडव गच्च भरला. बन्सी माइकपाशी गेला तशी पोरं ओरडली, "अप्पा, सोयगाव! सोयगाव होऊन जाऊ द्या!"

बन्सीनं सांगितलं. जसं घडलं तसं. चष्मा नाही, दात नाहीत, वटवाघळं नाहीत. एक घाबरलेला पोरगा, चुकीच्या गालावर पडलेली थप्पड, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरानं उघडून दिलेली वाट. शेवटी म्हणाला, "काल सत्यमनं ज्याला मारलं, तो माझा लेक हाय. सत्यमला मीच शिकवलं. दोष आधी माझा."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोरून माणसं उठायला लागली. मागून आवाज आला, "पोराचं दुखलं म्हणून गोष्ट बदलली का रं?" बन्सीनं मान खाली घातली. कारण ते खरं होतं!

तेवढ्यात मंचावर आधीच येऊन बसलेले कचरूभाऊ उठले. काठी टेकत माइकशी आले.

"बसा. बन्सी खरं बोलतोय. मारणारा मी होतो, मला नाय का ठाऊक?" उठलेली माणसं परत बसली. "शाल आज कुणालाबी नाय. सत्यम, पोलिसांत तक्रार होईल. ती मी अडवणार नाय, अन् तुला एकट्यालाबी सोडणार नाय. उद्या लासूरला चल माझ्यासंगं."

आणि सोमवारी काय झालं म्हणाल? सम्यकनं राजीनामा अजून पाठवला नव्हता. आईनं एवढंच म्हटलं होतं, "जायचं तर जा सोडून, पण आज खुर्चीत बसून मग ठरव." सकाळी पोलिसांत तक्रार देऊन तो खुर्चीत येऊन बसला होता. समोर पाण्यासाठी आलेली तीच गर्दी, आणि गर्दीतून काठी टेकत कचरूभाऊ आत आले. मागं सत्यम, त्याच्या मागं बन्सी. सगळ्यांच्या देखत भाऊंनी हात जोडले.

"लेकरा, माफ कर. तुझीबी अन् सोयगावच्या त्या अभयचीबी मागतोय ही माफी. त्याचा पत्ता मी आजच काढतो."

सत्यमनं मान वर न करता माफी मागितली. सम्यक उठून उभा राहिला.

"तक्रार मी मागं घेणार नाही, भाऊ."

"नको घेऊ."

"अन् या लोकांना पाणी का मिळत नाही, ते ऐका. तुमच्याच एका कार्यकर्त्यानं लाइन फोडून शेतात पाणी घेतलंय. मी तीन नोटिसा काढल्या. तिन्ही वेळा तुमच्या कार्यालयातून फोन आला, कारवाई थांबवा म्हणून."

गर्दीत कुजबुज उसळली. एखादा दुसरा पुढारी असता तर भडकला असता! भाऊंनी सावकाश खुर्ची ओढली.

"मग आता काय करायचं, सायेब?"

"लेखी द्या. कारवाई करायला तुमची हरकत नाही म्हणून."

आणि पाच वेळा आमदार झालेला तो माणूस, चष्मा लावून, कचेरीतल्या साध्या टेबलावर अर्ज लिहायला बसला. दोनदा कागद चुकला, तिसऱ्यांदा जमला. सम्यकनं तो घेतला, त्यावर शिक्का मारला, सही केली आणि रीतसर पोच भाऊंच्या हातात दिली. दुपारी फोडलेली लाइन जोडायला माणसं गेली. राजीनामा लॅपटॉपमधून पुसला गेला.

वाचकहो, कचरूभाऊ मोठे होते ते मारलं म्हणून नव्हे. भर मांडवात चुकलो म्हणायची हिंमत त्यांच्यात होती म्हणून! नेत्याला जीव लावा, त्याच्या कामाच्या गोष्टी नातवंडांना सांगा. पण त्याच्या थपडेला टाळी देताना एवढं ध्यानात असू द्या, की खुर्चीत बसलेलासुद्धा कुणाच्या तरी घरचा असतो. साहेब चुकला तर जाब विचारा, लेखी विचारा, दहादा विचारा. तो आपला हक्क आहे. हात उचलणं हा कुणाचाच हक्क नाही!