उस्तादांचा डोळा

“डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता? लोखंडाचा कीस, ठिणगी, असं काही?” टेक्निशियनने विचारलं.

“छे,” उस्ताद म्हणाले.

“लेथ, वेल्डिंग, ग्राइंडर? असल्या कामावर होता कधी?”

“मी स्टोअरमध्ये होतो. सामान द्यायचं, सामान घ्यायचं. टेबलावरचं काम.”

शेजारच्या खुर्चीत त्यांच्या बायकोने पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली. ज्या माणसाचा जन्म लेथवर लोखंड कातण्यात गेला, तो किती सहज बोलून गेला. कारखान्यात साहेबापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. ते नाव पुढे गल्लीत आलं, मग घरातही आलं. आता त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. डाव्या हाताने त्यांनी तो दाबून धरला होता, तर तो डावाही थरथरायला लागला होता.

कंपवात म्हणून गोळ्या सुरू झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. आधी गोळी घेतली की दिवस निघायचा. आता तासाभरात हात परत सुरू. चहा बशीत, बशीतला शर्टावर. कुणी घरी आलं तर उस्ताद ‘मला नको’ म्हणून मोकळे व्हायचे आणि पाहुणे गेल्यावर ओट्याजवळ उभं राहून प्यायचे. दाढी बायको करायची, बटणं बायको लावायची. आता एकच उपाय उरला होता. मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवायची आणि तिच्यातून थोडी वीज सोडायची.

“जिथे तार न्यायची ना, तो भाग वाटाण्याहूनही लहान,” डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. “साध्या मशीनवर तो धुक्यात असल्यासारखा दिसतो. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, नीट कळत नाही. आमच्या नव्या एमआरआयचं चुंबक फार जबरदस्त आहे. त्यावर कडासुद्धा स्वच्छ दिसतात. जागा नेमकी कळली की तार नेमकी बसते.”

“म्हणजे आधी मोजमाप, मग काम,” उस्ताद म्हणाले होते आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसले होते.

आज सकाळी शर्टाची बटणं लावून घेताना ते हळूच म्हणाले, “विचारलं तर स्टोअरकीपर होते म्हणायचं.”

“का?”

“आपला तो वेल्डर नाही का, त्याला असल्याच मशीनवरून परत पाठवला. म्हणे डोळ्यात कीस असेल.”

तिचा हात तिसऱ्या बटणावर थांबला. “अहो, पण तुमच्या तर गेला होता. आपली मोठी लेक नुकतीच शाळेत जायला लागली होती तेव्हा. डोळा लालभडक झाला होता.”

“निघाला तो तेव्हाच.”

“बघितला कुणी?”

“मी सांगतोय ना. तू फक्त तोंड उघडू नकोस, बाकी मी बघतो.”

तिने होकारार्थी मान हलवली होती. त्या हलवलेल्या मानेचंच आता तिला ओझं झालं होतं.

उस्ताद कपडे बदलायला आत गेले. ती उठली, थंड पाण्याच्या मशीनपाशी गेली, पेला भरला आणि न पिताच परत आणला. भिंतीपलीकडून कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत असल्यासारखा आवाज येत होता. मध्येच तो बदलायचा, मोठ्या माशीसारखा घोंघावायचा, पुन्हा ठोके. दुसऱ्याच कुणाचा तरी स्कॅन चालू होता. ती बसली, उठली, पुन्हा बसली.

“काकू, काळजी नका करू,” टेक्निशियन म्हणाला. “दुखत नाही काही. फक्त पडून राहायचं. डोकं हलू नये म्हणून आत औषध देतील त्यांना.”

“आत लोखंड नेलं तर काय होतं हो?”

“खेचलं जातं. मशीन बंद असलं तरी चुंबक चालूच असतं, त्यामुळे त्या दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच सगळं तपासतो आम्ही.”

“आणि माणसाच्या अंगातच असलं तर?”

“कुठे आहे त्यावर अवलंबून. डोळ्यात असलं तर वाईट. कण आतल्या आत सरकतो, डोळा जाऊ शकतो.” तो हातातली टोपली रिकामी करत होता, तिच्याकडे बघतही नव्हता.

भिंतीपलीकडचे ठोके थांबले. एक बाई बाहेर आली आणि गेली. मग उस्ताद आले. अंगावर हॉस्पिटलचा ढगळ झगा, पाय उघडे, केस विंचरलेले. केस विंचरायला किती वेळ लागला असेल, तिच्या मनात आलं. पण चेहरा कसा उजळला होता. नवीन मशीन कारखान्यात उतरायचं त्या दिवशी ते असेच दिसायचे. टेक्निशियनने त्या जाड दाराच्या कडीला हात घातला.

“थांबा जरा,” ती म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

“स्टोअरमध्ये नव्हते ते. लेथवर होते. डोळ्यात कीस गेला होता. निघाला की नाही, मला माहीत नाही.”

“हिचं नका मनावर घेऊ,” उस्ताद घाईने म्हणाले. “घाबरट आहे. सुईलाही घाबरते. चला तुम्ही.”

टेक्निशियनने कडीवरचा हात काढला. “काका, लेथवर होतात का?”

उस्ताद बायकोकडे बघत राहिले. मिठावरून, चावीवरून, कशाकशावरून ते तिच्यावर आयुष्यभर ओरडले होते. आता ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

“सांगितलंस,” ते एवढंच म्हणाले.

डोळ्यांचा एक्स-रे काढला. डॉक्टर खाली आले, त्यांनी तो उजेडात धरला आणि बोट टेकवलं. डाव्या डोळ्याच्या आत एक पांढरा ठिपका होता.

“इतकी वर्षं गप्प बसलाय, तसाच बसेलही,” डॉक्टर म्हणाले. “पण या मशीनमध्ये नाही जमणार. कुठल्याच एमआरआयमध्ये नाही.”

“मग ऑपरेशन?” तिने विचारलं.

“आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू. तो काढता येतो का, काढावा का, ते सांगतील. नाहीतर सीटी स्कॅनवरून करावं लागेल. यांना जागं ठेवायचं, तार थोडी थोडी सरकवायची आणि हात थांबतो का बघायचं. होतं तसंही. पण जागा नुसती अंदाजाने ठरवावी लागते.”

“अंदाजाने,” उस्ताद म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा आला.

कपडे बदलायच्या खोलीत ते शर्टाच्या पहिल्याच बटणाशी झगडत राहिले. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, थोड्या वेळाने पुन्हा वाजवलं. शेवटी त्यांनी हात खाली सोडले. तिने खालपासून वरपर्यंत बटणं लावली.

रस्त्यापलीकडे बसथांबा होता. बाकावर ते एका टोकाला बसले, मध्ये जागा सोडून ती. बस कुठे दिसते का म्हणून ती दोनदा रस्त्याच्या कडेपर्यंत जाऊन आली.

“रागावलात?”

“हो.”

“डोळा गेला असता तर?”

“दुसरा होता ना.”

“आणि मी आयुष्यभर कुठे तोंड लपवलं असतं?”

गाड्या जात राहिल्या. मग उस्तादांनी हात पुढे केला. “ते पाकीट दे.”

तिने एक्स-रेचं पाकीट दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी ती काळी फिल्म ओढून बाहेर काढली आणि आभाळाकडे धरली. फिल्म फडफडायला लागली. कवटी, डोळ्यांच्या खोबणी, सगळं नाचत होतं, ठिपका सापडेना. तिचे हात त्यांच्या मनगटांकडे गेले, पण अर्ध्यावर थांबले. तिने ते परत घेऊन मांडीवर ठेवले.

“डावीकडे,” ती म्हणाली.

बस आली, दार उघडलं. उस्ताद मान वर करून फिल्ममध्ये बघत होते, त्यांनी नजर काढली नाही. ड्रायव्हरने क्षणभर वाट पाहिली. तिने त्याला हातानेच सांगितलं, तुम्ही जा.