एकटीचा वर्ग

पाथरीच्या कोर्टात बारा वर्षं वकिली केल्यावर संघप्रियाने परभणीला एल.एल.एम.ला नाव घातलं. तिने कामगार कायदा निवडला. बाकी सगळ्यांनी फौजदारी घेतला, त्यामुळे त्या विषयाच्या वर्गात ती एकटीच. माधवी मॅडम सुरुवातीला फळ्याजवळ उभ्या राहून शिकवायच्या. मग एक दिवस त्यांनी खुर्ची ओढून तिच्या बाकासमोरच आणली.

वर्ग शुक्रवारी-शनिवारी असायचे. त्या दिवसांच्या कोर्टातल्या तारखा कोण बघणार? बाररूममधले वकील हसायचे, "ताई, या वयात शिकून जज व्हायलात का?" रुद्रेश तेवढा म्हणाला, "तुमी बिनघोर जा. तुमच्या तारखा मी सांभाळतो." कोर्टात तिचा दोस्त म्हणावा असा तो एकच. वर्षभर त्याने शब्द पाळला.

दिवाळीनंतर पोखर्णीची चतुराबाई तिच्याकडे आली. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या मशीनमध्ये तिच्या उजव्या हाताची बोटं गेली होती, अंगठा तेवढा उरला होता. मालक म्हणत होता, ही बाई आमची नव्हेच, मजूर पुरवणाऱ्या गुत्तेदाराची.

"आन् गुत्तेदार फोन उचलंना," चतुराबाई म्हणाली. "भाकर थापता येईना मला. सून वाढती, पण तोंडाकडं बघत न्हाई."

कायद्यात उत्तर स्पष्ट होतं. मजूर गुत्तेदाराची असली तरी मालकाला हात झटकता येत नाहीत. अडचण वेगळीच होती. ती जिनिंग रुद्रेशच्या मेव्हण्याची होती.

दुसऱ्या दिवशी रुद्रेशने तिला कोर्टाच्या आवारात गाठलं.

"ताई, एवढी एक केस सोडा. तिला दुसरा वकील मी बघून देतो."

"तुमच्या मेव्हण्याविरुद्ध मनापासून कोण भांडेल, भाऊ?"

"आन् मी घरी काय तोंड दाखवू?"

"मी शब्द दिलाय तिला," एवढंच ती बोलली. तो भांडला नाही. मान हलवून निघून गेला.

त्यानंतर तिच्या तारखा तिलाच बघाव्या लागल्या. वर्ग बुडायला लागले. एकदा मॅडमचा फोन आला, "अगं, मी वर्गात बसून होते." त्या रिकाम्या वर्गात वाट बघणाऱ्या मॅडम डोळ्यांसमोर आल्या आणि तिला रडूच फुटलं. एक पेपर राहिला. तो पुढच्या सत्रात पुन्हा दिला.

चतुराबाईच्या बाजूने निकाल लागला. कोर्टाबाहेर तिने आपला अंगठ्याचा हात संघप्रियाच्या दंडावर ठेवला. "पोखर्णीला या, बाई. जेवूनच जा." संघप्रिया हसली. युक्तिवाद कसा रंगला, जजसाहेब कुठल्या मुद्द्यावर लिहिता लिहिता थांबले, हे सगळं तिला कुणाला तरी सांगायचं होतं. ज्याला सांगावं तो रुद्रेश, ती समोरून येताना दिसली की वाट बदलत होता.

उन्हाळ्यात एल.एल.एम.चा निकाल आला. कोर्टाच्या पायऱ्यांवर रुद्रेश अचानक समोर आला.

"पास झालात म्हणे."

"हो."

"चांगलं झालं."

तो घुटमळला. तिलाही बोलायचं होतं. तेवढ्यात त्याच्या पक्षकाराने हाक मारली आणि तो गेला. ती तिथेच उभी राहिली. आत शिपायाने तिच्या केसचा पुकारा केला, तशी कोट सारखा करत ती कोर्टात शिरली.