पाचव्या वेशीची जकात

आमच्या घरात एक नियम होता: छापलं ते खरं. जे छापलं नाही, ते आपलं.

नियम अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. ते देवासला एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे काही महिन्यांसाठी आलेल्या एका इंजिनिअरकडे त्यांनी तो परदेशी खेळ पाहिला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे गोष्टीतली माणसं. आपण काय करणार ते तोंडानं सांगायचं. साधलं की नाही ते फासे ठरवतात. तसले अनेक बाजूंचे फासे देवासात मिळणार नव्हते. अण्णांनी आईच्या सारीपाटातल्या कवड्या-सोंगट्या काढल्या आणि कवड्या उपड्या ताटावर टाकायला लावल्या. गोष्ट निवडली ‘सात वेशी’. पुण्याहून टपालानं येणाऱ्या एका मासिकात ती क्रमशः चालू होती.

तेव्हा मी अकरावीत होते, धाकटा भाऊ अक्षत सहावीत. त्याची शाळा हिंदी. मराठी बोलायचा, पण वाचताना अडखळायचा. म्हणून अण्णा प्रत्येक प्रकरण मोठ्यानं वाचायचे, आणि रविवारी दुपारी आम्ही त्या नगरात शिरायचो. मी नकाशे काढणारी दुर्गा, तो घोडेस्वार उदाजीराव.

पंचाईत व्हायची ती पुढचा अंक आल्यावर. एकदा आम्ही तिसऱ्या वेशीचा पूल जाळला, आणि नव्या अंकात त्याच पुलावरून अख्खी फौज गेली.

“अण्णा, ये तो चीटिंग है! मी स्वतः जाळला होता.”

“जाळलास ना. कोण नाही म्हणतंय? मग उदाजीरावांना ताप भरला. ते बेशुद्ध पडले, तेवढ्यात लोकांनी पूल पुन्हा बांधला.”

“मला ताप कधी आला?”

“बेशुद्ध माणसाला कसं कळणार, भिया?”

याला अण्णा सांधा म्हणायचे. लेखक कुठेतरी दूर बसून आमच्या पायांखालची जमीन हलवायचा, आणि अण्णा कारखान्यात येता-जाता सांधा शोधत राहायचे. लेखकाला चुकलास म्हणायचं नाही, आणि आमचा खेळही पुसायचा नाही. दोन्ही खरं राहायला हवं.

पाचव्या वेशीवर रघुजी होता, म्हातारा पहारेकरी. मासिकात त्याला बोलायला एवढंच होतं: “कोण ते? उजेडात या.” अण्णांनी तेवढं उचललं आणि त्याला घशाच्या तळातला एक आवाज दिला. जकातही त्यांनीच बसवली. वेस ओलांडायची तर एक खरी गोष्ट द्यायची, घरात कुणाला न सांगितलेली. अक्षतनं सांगितलं की बसमध्ये मोठी मुलं त्याचा डबा खातात. मी सांगितलं की मला गणित नको, मराठी शिकायचं आहे. रघुजी ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “जा.” ताट उचललं की अण्णांना त्यातलं काही ठाऊक नसे. पुढे त्यांनी मला विचारलं, “काय शिकायचं ठरवलंस?” आणि माझं उत्तर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

मांडूला जाताना, नालछ्याच्या पुढे, एका जुन्या दरवाज्याखाली त्यांनी आम्हाला एकदा बसमधून उतरवलं आणि अंधाऱ्या कमानीत उभं राहून तो आवाज काढला. आई म्हणाली, “पुरे आता, लोक बघताहेत.” पण तीही दोन पावलं उजेडात सरकली होती.

मग मासिक बंद पडलं, गोष्ट अर्धीच राहिली. मी धारच्या कॉलेजात शिकवायला लागले. बऱ्याच वर्षांनी, २००६ मध्ये, लेखकानं ‘सात वेशी’ पुन्हा पहिल्यापासून लिहून पुस्तक काढलं. अण्णांनी ते इंदूरहून मागवलं. तेव्हा ते आजारी होते. शेवटच्या भेटीत मी त्यांची शाल सारखी करत होते तर म्हणाले, “सुनेत्रा, रघुजीचं काहीतरी करायला हवं. सांधाच सापडत नाहीये.”

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलताहेत.

ते माघात गेले. पुस्तक मी धारला नेलं आणि वाचू लागले. पाचव्या वेशीपाशी आले. नव्या पुस्तकात पहारेकरी गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेला होता. ती वाक्यं कुणीच बोलत नव्हतं. लोक फक्त जुन्या सवयीनं वेशीशी थबकत, उजेडात येत, आणि पुढे जात. तिथे एक कोनाडा होता, कोनाड्यात पणती. बस्स.

छापलं ते खरं. मग दर रविवारी आमच्या घरात ताटापलीकडून कोण बोलत होतं? मी कुणाला सांगितलं होतं सगळं?

त्यानंतर मी दारात थबकू लागले. कॉलेजच्या, बँकेच्या, स्वतःच्या घराच्या. आत शिरण्याआधी कुणीतरी विचारेल म्हणून.

महिन्याच्या श्राद्धाला देवासला गेले. जेवणं झाली, पाहुणे पांगले, आणि अक्षतनं कवड्या-सोंगट्या आणून ताट उपडं घातलं.

“ताई, एक बार. पाचव्या वेशीपर्यंत. तू सूत्रधार.”

“मला नाही जमणार.”

“तू मराठीची प्रोफेसर. तुला नाही जमणार तर काय मला?” मग ताटाकडे बघत म्हणाला, “मला फक्त रघुजीला भेटायचंय. पुस्तकात आहे ना तो?”

हो म्हणणं सोपं होतं. तो ते पुस्तक कधीच वाचणार नव्हता. आवाजही मला साधारण काढता आला असता. पण मग तो नियम अण्णांचा राहिला नसता, आणि ती वेसही.

मी पुस्तक आणलं आणि ते पान त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

“पहले से ही?” त्यानं विचारलं. “म्हणजे आपण सांगत होतो, तेव्हाही?”

“तेव्हाही.”

“आणि तरी त्यानं ऐकलं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. अण्णांना जो सांधा सापडला नाही, तो अक्षत न शोधताच बोलून गेला होता.

“चल,” मी म्हटलं. “दुर्गा आणि उदाजीराव पाचव्या वेशीपाशी आले आहेत. कमान अंधारी आहे. पहाऱ्यावर कोणी नाही. कोणी काही विचारत नाही.”

अक्षतनं सोंगटी ताटाच्या कडेला ठेवली. घसा खाकरला.

“तरी जकात देतो. अण्णांच्या स्कूटरला गिऱ्हाईक आलं की मी सांगतो, ब्रेक खराब हैं. ब्रेक चांगले आहेत.”

मीही दिली. “मी या पानाच्या पुढे वाचलेलं नाही.”

आम्ही थांबलो. “जा” म्हणणारं कोणी नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हातात फडकं. तीही थांबली होती.

“ताई,” अक्षतनं हळूच विचारलं, “ती पणती. जळतेय?”

मी पुस्तकाकडे पाहिलं. कोनाडा लिहिला होता, पणती लिहिली होती. तेवढं मात्र लिहिलेलं नव्हतं.

“जळतेय,” मी म्हटलं. “वात आत्ताच कुणीतरी पुढे केली आहे.”