कचऱ्याच्या डब्यातलं शहर

इतिहासाचा तास म्हणजे पोरांची झोपेची वेळ, असं माझं स्पष्ट मत होतं. मी गणित शिकवतो. सहावीची पोरं अपूर्णांकांत गटांगळ्या खात होती, म्हणून हेमांगीबाईंचा गुरुवारचा इतिहासाचा तास मला द्या, असा मी मुख्याध्यापिका चंद्रकांताबाईंकडे लकडा लावला होता. हडप्पाची गटारं पाहून कुणाचं भलं झालंय, असंही बोलून गेलो.

"गुरुवारी आपण दोघं वर्गात बसू," त्या म्हणाल्या. "मग ठरवते."

हेमांगीबाईही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्या शिक्षकांना घरचा सुका कचरा पिशवीतून आणायला सांगितला, नाव न घालता. हडप्पाच्या लोकांनी लिहिलेलं अजून कुणाला वाचता येत नाही, आपण वाचतो ते त्यांनी टाकलेलं, असं त्यांचं म्हणणं. मी बोईसरच्या खोलीतल्या डब्यातली पिशवी तशीच उचलून आणली. वरची दोन बिलं तेवढी काढली.

वर्गात नेमकी माझीच पिशवी निघाली. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून पोरं एकेक थर काढू लागली. माझ्या तासाला पेंगणारा अंकुश सगळ्यांत पुढे. वर मॅगीची पाकिटं, वडापावचे कागद, दातांनी फाडलेल्या दुधाच्या पिशव्या.

"एकटा पुरुष हाय," अंकुश म्हणाला. "आन आळशी. कवापासून कचरा टाकलाच नाय."

चंद्रकांताबाई उगाच खोकल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मग खालचा थर लागला. तिथल्या दुधाच्या पिशव्या कात्रीने कापून, धुऊन, घडी घातलेल्या. चिंचेच्या गोळ्यांचे कागदसुद्धा नीट दुमडलेले.

"म्हणजे आधी इथे छान वस्ती होती," हेमांगीबाई म्हणाल्या. "मग हे शहर ओसाड का पडलं?"

"बायको भांडून गेली असंल," अंकुशने निकाल लावला. वर्ग खो खो हसला. मला उठून जावंसं वाटलं.

तेजल मात्र अजून तळाशीच होती. वडलांची बोट आली की मासळी निवडायला बसणारी पोर ती, तिच्या हातून काही सुटत नाही. तिने औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं ओळीने मांडली.

"भांडण नाय, बाई. ह्या रक्तवाढीच्या गोळ्या. आमच्या वयनीला दवाखान्यातून ह्याच देतात. आन ही चिंच बघा. ती बाळंतपणाला माहेरी गेलीय. परत येणार हाय."

शाळेत मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पूर्वीला माहेरी, माकुणसारला पोचवून आल्यापासून घरी पाऊल टाकायचा कंटाळा येत होता, तेही नाही. 'परत येणार' ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. पोरांना पिशवीचा मालक सापडला. टाळ्या थांबेनात.

"मग गुरुवारचं काय करू या, सर?" चंद्रकांताबाईंनी विचारलं.

"राहू द्या बाईंकडेच," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

संध्याकाळी फोनवर पूर्वीला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग एकदम थांबली. "अहो, म्हणजे मी इकडे आल्यापासून डबा रिकामाच केला नाहीत?"

फोन ठेवून मी शाळेतून परत आणलेली पिशवी टाकून आलो, डबा घासला. गोळ्यांचं एक पाकीट आणि घडी घातलेली एक दुधाची पिशवी मात्र कपाटात ठेवली आहे. पोर मोठं होऊन विचारेलच, "मी यायच्या आधी इथे काय होतं?"