हवेचं पाणी

शेगडीतला कोळसा तडकला. तेवढाच आवाज. बाकी घर इतकं गप्प होतं की मनूची पाटीवर चाललेली पेन्सिल थांबली. तिनं आधी शेगडीकडं बघितलं, मग खाली पाटीकडं.

"आई, पाटीवर कुंकू पडलंय."

कुंकू नव्हतं. तिचा घोळणा फुटला होता. मी तिला जवळ ओढलं, नाक चिमटीत धरलं. माझ्या सासूनं, आत्यांनी, कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. कांद्यानं मनूच्या डोळ्यांना पाणी आलं, नाकातलं रक्त काही थांबेना. थांबलं तोवर माझा पदर भिजला होता.

"गरम पडलं पोरीला," आत्या म्हणाल्या. "गूळ बंद कर तिचा."

गूळ बंद केला, तरी एक दिवसाआड फुटतच राहिलं. पोर आधीच काडी. गाल उललेले, ओठांवर पापुद्रे. रात्री तोंड उघडं टाकून झोपायची, सकाळी उठली की आवाज बसलेला. माझंही तेच होतं. केस विंचरायला घेतले की फणीला चिकटून तडतड वाजायचे. पण माझं कोण बघतं.

हे सगळं त्या खोलीपायी. आमचं जुनं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, भिंतीतून वारा खेळायचा. मनूच्या बाबांनी पुढल्या अंगाला विटांची खोली बांधली, वर पत्रा टाकला. "आता माझ्या मनूला थंडी लागणार नाय," म्हणाले होते. पत्रा दुपारी तापतो आणि दिवस कलला की असा गार पडतो की खाली बसवत नाही. म्हणून शेगडी. दार लावायचं, खिडकीच्या फटीला फडकं कोंबायचं आणि तिघींनी शेगडीभोवती बसायचं. चौथं माणूस नव्हतं.

मनूचे बाबा ट्रक चालवायचे. दसरा झाल्यावर माल घेऊन गुजरातकडं गेले. दिवाळीआधी धसईच्या एसटीडीवाल्याकडं त्यांचा फोन आला होता, दिवाळीला येतो म्हणून. दिवाळी झाली. तुळशीचं लगीन झालं. ट्रकच्या मालकाला विचारलं तर म्हणाला, गाडी कधीच परत आली, क्लीनर घेऊन आला. अनंता वाटेत उतरला, माघारी गाडीवर आलाच नाही. कुठं उतरला ते क्लीनर कधी एक गाव सांगायचा, कधी दुसरं.

आत्यांचं एकच. "मोठं काम भेटलं असंल कुठंतरी. हात भरला की येईल माझा अनंता." त्यांच्यासमोर दुसरं काही बोलायची सोय नव्हती. मीही बोलत नव्हते. सकाळी कुंकू लावायची आणि कामाला लागायची.

मनूला धसईच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी टॉर्च मारून नाक बघितलं आणि पहिलं विचारलं, "घरात शेगडी पेटवता?"

"व्हय."

"खिडकी बंद करून?"

मी मान हलवली.

"बंद खोलीत शेगडी पेटवू नका बाई, जीव गुदमरंल एखाद्या दिवशी. खिडकी उघडी ठेवायची. आणि निजताना शेगडी बाहेर. हिच्या नाकात आतून खोबरेल लावा बोटानं. शेगडीच्या धगीनं हवा सुकते, म्हणून पसरट भांड्यात पाणी ठेवा शेजारी. हवेला पाणी लागतं."

परत येताना एसटीत मनूनं विचारलं, "हवा पाणी पिते?"

"पिते की."

"तोंड कुठंय तिचं?"

पुढच्या बाकावरची माणसं हसली. मीही हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

त्या दिवशी आत्या घरी नव्हत्या. शेजारच्या जिवलीबरोबर म्हशाच्या जत्रेला गेल्या होत्या, देवाला नवस बोलायला. जत्रेत बैल घेऊन लांबलांबची माणसं येतात, टेम्पोवाले येतात. त्यांच्यात अनंताला कोणी बघितलंय का, ते विचारायचं, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं.

संध्याकाळी मी शेगडी पेटवली. खिडकीतलं फडकं काढलं. पसरट भांडं म्हणून फळीवरचा वाडगा घेतला. मनूचे बाबा त्यातून पेज प्यायचे. रिकामाच होता, धुळीनं भरलेला. घासला, पाणी भरलं, शेगडीशेजारी ठेवला. शेगडी ठेवायला कोपराही तोच होता, जिथं त्यांचं अंथरूण पडायचं. तिथं वारा लागत नाही.

तेवढ्यात लाइट गेली. मी चिमणी लावून वाडग्याशेजारी ठेवली. शेगडी फुंकताना राख उडाली, जमिनीवर पसरली. आवरू मग, म्हणून मी मागल्या दारी कोळसा आणायला गेले.

परत आले तर आत्या पुढल्या दारात उभ्या. कवेत नवी घोंगडी. घोंगडी त्यांनी छातीशी धरली होती आणि आत बघत होत्या.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"काय आत्या?"

"कोण आलता सांगाय? एसटीडीवाला?"

आवाज एवढा बारीक की मला आधी वाटलं, त्यांचा घसा बसलाय. मग त्या उंबऱ्यावरच बसल्या. आणि त्यांच्या नजरेच्या वाटेनं मी बघितलं तेव्हा मला कळलं.

आमच्याकडं माणूस गेलं की ते निजायचं त्या जागी दिवा लावतात. शेजारी पाणी भरून ठेवतात, वाटंला तहान लागते म्हणून. खाली पीठ नाहीतर राख पसरतात, पाऊल उमटलं का बघायला. त्यांच्या लेकाच्या जागेवर दिवा होता. त्याच्याच वाडग्यात पाणी होतं. राख होती.

"आत्या, कोणी नाय आलं. काय नाय कळलं. ते मनूच्या नाकासाठी हाय."

"नाकासाठी."

"नर्सबाईंनी सांगितलं. हवा सुकते म्हणून…"

आत्या उठल्या. घोंगडी उंबऱ्यावरच राहिली. वाडगा उचलून त्यांनी अंगणात पाणी फेकलं. चिमणी उचलून दूर फळीवर ठेवली. मग खाली बसून तळहातानं राख गोळा करायला लागल्या. मी केरसुणी पुढं केली, ती घेतली नाही.

"जित्या माणसाला पाणी ठेवलंस गो, चंद्रकले," एवढंच म्हणाल्या. "माझ्या बाबाला."

मनू भिंतीला चिकटून बसली होती. "बाबा आले?" तिनं मला विचारलं. मी तिला मांडीवर घेतलं.

आत्या दारात बसल्या तेवढ्या घटकेपुरतं त्यांना लेकाचं कळलेलं होतं. मला तेवढंही कधी कळलं नव्हतं. एका घरात, एकाच माणसाची वाट बघत होतो दोघी, आणि त्याच्याबद्दल एकमेकींशी एक शब्द बोलू शकत नव्हतो.

ती घोंगडी मनूच्या बाबांसाठी आणली होती. आल्यावर त्यांना थंडी वाजू नये म्हणून. आत्यांनी घडी करून ठेवली. पण पुढं थंडी इतकी वाढली की एका पहाटे त्यांनीच ती मनूच्या अंगावर टाकली. मी खोबरेल लावत होते, खिडकी उघडी ठेवत होते, पाणी मात्र ठेवत नव्हते. सकाळी घोंगडीवर डाग पडला होता, तळहाताएवढा. मनू पांढरी पडली होती. आत्यांनी कांदा फोडला, डोक्यावर पाणी थापलं, "बस, बस गो माझी बाय" म्हणत राहिल्या. रक्त थांबायला फार वेळ लागला.

संध्याकाळी मी शेगडी आत घेतली तेव्हा आत्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "पाणी परातीत ठेव. खिडकीखाली. दिवा जवळ नको."

"आणि वाडगा?"

"त्याला हात लावू नको."

तेव्हापासून परात. शेजारी दोरीवर मी धुतलेलं ओलं लुगडंही वाळत टाकायची. जिवली डोकावली की आत्यांना चिडवल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

"काय गो बाईजा, परातीत पाणी कशाला? पाटलीणबाई पाय सोडून बसणार काय?"

"हवेला पाजतेय माझी सून," आत्या म्हणायच्या.

"माझ्या म्हाताऱ्याला काढा पाजायचा तर चारदा सांगावं लागतं. तुमची हवा बरी, मुकाट पिते."

मनूला खेळच झाला. सकाळी उठली की परातीशी जाऊन बसायची. "आई, हवेनं एवढं पिलं." बोट बुडवून दाखवायची. कधी म्हणायची, आज हवेला तहान नव्हती. ओठांवरचे पापुद्रे गेले. घोळणा एकदा फुटला, मग फुटलाच नाही. झोपेत तोंड मिटायला लागली. तिचा तो मिटलेल्या तोंडाचा श्वास ऐकत मी पडून राहायची. पलीकडं आत्याही जाग्या असायच्या. त्यांची कूस बदलली की कळायचं.

पळस फुलला, पत्रा संध्याकाळीही गरम राहायला लागला. शेगडी पुसून माळ्यावर टाकली. परात घासून तिच्यात भाकरीचं पीठ मळायला लागले. आत्यांनी घोंगडीवरचा डाग चोळून धुतला, पुरता गेला नाही. परत घडी करून ठेवली. लेकाच्या येण्याबद्दल हल्ली त्या बोलत नव्हत्या. फोन आला का विचारायला एसटीडीवाल्याकडंही जात नव्हत्या.

एक दिवस मी ओढ्यावरून धुणं घेऊन आले. आत्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, पाठ माझ्याकडं. मी आत गेले. कोपऱ्यात, मनूच्या बाबांचं अंथरूण पडायचं तिथं, वाडगा होता. घासलेला. काठोकाठ भरलेला. दिवा नव्हता, राख नव्हती. नुसतं पाणी.

मी धुणं खाली ठेवलं नाही. बाहेर शेंगांचा आवाज थांबला होता. आत्यांना माहीत होतं मी बघतेय. त्या वळल्या नाहीत. मीही हाक मारली नाही. जरा वेळानं शेंगा परत तडकायला लागल्या.

मनू माझ्या मागून आत आली. वाडग्याशी जाऊन उकिडवी बसली, सवयीनं बोट पाण्यात बुडवायला निघाली आणि मधेच थांबली. बोट तसंच वर धरून तिनं माळ्यावरच्या शेगडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई, हे पाणी हवेचं का बाबांचं?"